पहिल्या सहा तासांचे अंदाजपत्रक

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती; गणपती बोळवून, मिरवणुकीचा शीण घेऊन माणसे नुकतीच निजली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांत अंदाजे आठ हजार माणसे गेली. शासकीय आकडा ७,९२८ असा आहे. त्यानंतर काय झाले, हा इतिहास महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी पोहोचले, लष्कर आले, जागतिक बँकेचे कर्ज आले, बावन्न गावे नव्या जागी उभी राहिली, आणि आपत्तीनंतरच्या पुनर्बांधणीचा एक नमुना म्हणून त्या कामाकडे देशाबाहेरही पाहिले गेले. हा इतिहास खरा आहे, पण अर्धा आहे. पहाटे चार ते दुपारपर्यंतचे तास त्यात जवळजवळ नाहीत. मराठवाड्यात आपत्तीसाठी नंतर जो पैसा आला, तो या अर्ध्या इतिहासाच्या मागोमाग आला. पुनर्वसनाला लेखाशीर्ष मिळाले, भरपाईला दर मिळाले. गावातल्या माणसाने शेजाऱ्याला ढिगाऱ्यातून काढण्यासाठी लागणाऱ्या साधनांना मात्र तीस वर्षांत हक्काचे शीर्ष मिळाले नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यासाठी ही उणीव आज कशी महागात पडू शकते, ते या लेखात पाहायचे आहे.

आधी त्या सकाळची रीत समजून घ्यावी लागते. मराठवाड्याचे जुने घर म्हणजे माळवद. दोन-दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर सागाचे किंवा बाभळीचे सर आणि त्यावर वर्षानुवर्षे थर चढत गेलेली माती. उन्हाळ्यात असे घर थंड राहते आणि भूकंपात ते थडगे होते. भिंतीचे दोन पापुद्रे सुटतात, दगड आत कोसळतात, छताची माती वरून बसते. सिमेंटची इमारत पडली तर तिच्या स्लॅबखाली कधी कधी पोकळी उरते. माळवद पडले की माती नाकातोंडात जाते आणि माणूस काही तासांत गुदमरतो. म्हणून किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, एकोंडी या गावांत जो जिवंत निघायचा तो बहुतेक पहिल्या काही तासांतच. त्या तासांत हाताशी होते फावडे, टिकाव, पहार, घमेले आणि उघडे हात. अंधार होता, तारा तुटलेल्या होत्या आणि पुढच्या दिवसांत पाऊसही झाला. मंगरूळला पाचव्या दिवशी लष्कराच्या जवानांनी दीड वर्षाची एक मुलगी जिवंत बाहेर काढली. ती बातमी देशभर गेली आणि जायलाच हवी होती. पण अशा एका अद्भुत घटनेने बचावाचे चित्रच बदलून टाकले. लोकांच्या आणि कदाचित अधिकाऱ्यांच्याही मनात बचाव म्हणजे बाहेरून आलेली गणवेशातली तुकडी, असे समीकरण बसले. पहिल्या सकाळी दिरा-भावांनी आणि शेजाऱ्यांनी ज्यांना ओढून काढले त्यांच्यासाठी पंचनाम्यात रकानाच नसतो. पंचनामा मेलेल्यांचा, जखमींचा, जनावरांचा आणि पडलेल्या खणांचा होतो.

जपानमध्ये हा हिशेब केला गेला. जानेवारी १९९५ मध्ये कोबे शहर हादरले, म्हणजे किल्लारीनंतर सव्वा वर्षाने. तिथल्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार, पडलेल्या घरांत अडकून ज्यांना इतरांनी काढावे लागले अशी माणसे सुमारे ३५,००० होती. त्यांतल्या सुमारे २७,००० जणांना शेजाऱ्यांनी काढले, उरलेल्यांना अग्निशमन, पोलीस आणि संरक्षण दलाने. शिवाय शेजाऱ्यांनी काढलेल्यांत जिवंत निघण्याचे प्रमाण खूप जास्त होते. यात शेजाऱ्यांच्या अंगी काही दैवी शक्ती होती असे नाही. ते आधी पोहोचले, एवढेच. एवढी संपन्न यंत्रणा असलेल्या शहरात हे प्रमाण, तर निलंग्या-औशाच्या किंवा कळमनुरीच्या गावात ते काय असेल याचा अंदाज कोणीही बांधावा.

किल्लारीनंतर सरकारने लोकांना कामात घेतलेच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा मोठा भाग होता. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. या बायकांनी घरमालकाला पैशाचा हप्ता कधी मिळतो ते समजावले, भिंतीत काँक्रीटची पट्टी पडली का ते पाहिले, गवंड्याशी वाद घातले. हजाराहून जास्त गावांत हे चालले. एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली: गावातल्या सामान्य माणसाला, शिक्षण बेताचे असले तरी, तांत्रिक काम शिकवता येते, त्याला अधिकृत भूमिका देता येते आणि सरकारी पैशातून त्याचा खर्च भागवता येतो. मग हीच कल्पना बचावाला का लागू झाली नाही? कारण कर्ज घरांसाठी होते, आणि कार्यक्रम संपला तेव्हा तो घरे मोजून संपला.

खोलवरचे कारण आणखी जुने आहे, आणि ते दुष्काळ हे आहे. मराठवाड्यातले प्रशासन आपत्ती शिकले ते टंचाईतून. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली आणि ती गोष्ट अभिमानाचीच आहे. पण दुष्काळ हळू येतो. पैसेवारी काढायला, आणेवारीवर भांडायला, चारा छावणीची जागा ठरवायला वेळ मिळतो. त्यात सगळे कौशल्य वाटपाचे असते: यादी, पंचनामा, मंजुरी, वाटप. ही साखळी तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत इतकी पक्की झाली की पूर आणि भूकंपही त्याच साच्यात घातले गेले. आपल्या राज्यातल्या खात्याचे नाव मदत व पुनर्वसन. मदत नंतर येते, पुनर्वसन त्याच्याही नंतर. ज्या कामाचा हिशेब तासांत होतो ते कोणाचे, याचे उत्तर बराच काळ गुळमुळीतच राहिले. नगरपालिकेचा बंब हे एक उत्तर होते, पण बंब हद्दीपुरता. आजही हिंगोली, वसमत, कळमनुरी ही शहरे सोडली की त्या पलीकडच्या खेड्याला स्वतःचे असे अग्निशमन दल नसते.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, म्हणजे देशात आपत्ती व्यवस्थापनाचा साचा बदलू लागला होता नेमका त्याच काळात. त्याच वर्षी केंद्राने जे. सी. पंत यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली, २००१ मध्ये भुजचा भूकंप झाला, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली आणि डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण, जिल्ह्याचा आराखडा, राज्य आणि जिल्हा निधी, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल असा सगळा सांगाडा त्यातून उभा राहिला. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ आली. नंतर राज्य राखीव पोलीस दलातून एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे तयार झाल्या. या दलांचे काम उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न नकाशाचा आहे. पुण्याहून हिंगोली रस्त्याने सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. नागपूरही तीनशेच्या आसपास. पावसाळ्यात, पुलावरून पाणी जात असताना, हे अंतर किती तासांचे होते हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको.

आणि हिंगोलीवर येणारी संकटे तासांचीच आहेत. जिल्ह्यात सुमारे सातशे गावे, २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाख वस्ती. उत्तरेला विदर्भाच्या सीमेवर पैनगंगा, मधून कयाधू, दक्षिणेला पूर्णा; येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर या धरणांचे विसर्ग. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पाणी शिरले आणि झोपेतून उठलेल्या लोकांना घराच्या छपरांचा आधार घ्यावा लागला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली येथे माणसे अडकली, हसनाळात माणसे दगावली आणि एसडीआरएफबरोबर छत्रपती संभाजीनगरहून लष्कराची तुकडी बोलवावी लागली. अशा वेळी पहिल्या काही तासांत गावात जे वापरले जाते ते म्हणजे ट्रॅक्टर, ट्रकच्या ट्यूब, मासेमारीचे थर्माकोलचे तराफे, विहिरीवरचा दोर आणि पोहता येणारी चार पोरे. या साधनांनी माणसे वाचतात. याच साधनांनी वाचवणारेही बुडतात.

दुसरे संकट जमिनीखालचे. वसमत तालुक्यातले पांगरा शिंदे आणि भोवतालची गावे कित्येक वर्षे भूगर्भातले आवाज आणि सौम्य धक्के अनुभवत आहेत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, पहिला ४.५ तीव्रतेचा. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. हिंगोली, नांदेड, परभणी तिन्ही जिल्हे हलले. नांदेडच्या प्रशासनाने तेव्हा केलेले आवाहन बारकाईने वाचण्यासारखे आहे: पत्र्याच्या छतावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. सूचना अगदी योग्य होती. पण किल्लारीच्या तीस वर्षांनंतर, धक्क्यांनी गाजणाऱ्या पट्ट्यातल्या माणसाच्या हाती शासनाकडून काय पडले, तर एक सूचना. इथे घाबरवायचे नाही. असे धक्क्यांचे झुबके बहुतेक ठिकाणी मोठ्या भूकंपाविना विरून जातात, हे भूगर्भशास्त्र सांगते. तेच शास्त्र हेही नोंदवते की किल्लारीत १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लहान धक्के बसले होते, आणि त्या वेळच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. उद्या काय होईल ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच तर तयारीचा खर्च भाकितावर अवलंबून ठेवता येत नाही.

पैसा नाही, ही तक्रार मात्र टिकत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय निकषांत शोध, बचाव आणि संपर्काची साधने घेण्याची तरतूद फार पूर्वीपासून होती. वार्षिक रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंत त्यावर खर्च करता येत असे, प्रशिक्षणासाठी आणखी पाच टक्क्यांपर्यंत. पंधराव्या वित्त आयोगाने तर सज्जता आणि क्षमतावाढ यांसाठी दहा टक्क्यांची वेगळी खिडकीच आखून दिली. २०२०-२१ साठी महाराष्ट्राच्या वाट्याला या आयोगाने ४,२९६ कोटी रुपये धरले होते, देशात सर्वांत जास्त. दहा टक्के म्हणजे जवळजवळ ४३० कोटी. छत्तीस जिल्ह्यांत सरळ भागले तर जिल्ह्याला बारा कोटींच्या आसपास. त्या वर्षी कोविड होता, तेव्हा प्रत्यक्षातला हिशेब वेगळा झाला हे उघड आहे. पण प्रमाण लक्षात यावे. पुरात माणूस गेला तर वारसाला चार लाख रुपये मिळतात. चांगले लाइफ जॅकेट दोन-चार हजारांत येते. एका मृत्यूच्या सानुग्रह अनुदानात एका गावाला पुरतील एवढी जॅकेटे, दोर, हेल्मेट, हायड्रॉलिक जॅक, स्ट्रेचर आणि विजेऱ्या बसतात. पहिला खर्च हक्काने होतो, कारण त्याचा दर ठरलेला आहे, अर्ज ठरलेला आहे, मागणारा ठरलेला आहे. दुसरा खर्च मागायला कोणी येत नाही, कारण ज्याचा जीव वाचणार आहे त्याला ते अजून ठाऊकच नसते.

२०१६ मध्ये सुरू झालेली आपदा मित्र योजना ही या उणिवेची पहिली खरी कबुली. आधी देशातल्या तीस पूरप्रवण जिल्ह्यांत प्रत्येकी दोनशे असे सहा हजार स्वयंसेवक. २०२१ पासून ३५० जिल्ह्यांत एक लाख. या दुसऱ्या टप्प्याला ३६९.४१ कोटी रुपये, म्हणजे माणशी ढोबळ मानाने सदतीस हजार. त्यात बारा दिवसांचे प्रशिक्षण, प्रत्येकाला संच आणि विमा. या योजनेला नावे ठेवण्याचे कारण नाही, तिच्या मर्यादा मात्र सांगायला हव्यात. संच हा एका माणसाचा आहे: जॅकेट, शिरस्त्राण, विजेरी, हातमोजे, प्रथमोपचार. माळवदाचा सर उचलायला लागतो तो जॅक, लाकडाचे ठोकळे, कटर, दोर आणि कप्पी. ते सामान एका पिशवीत येत नाही, ते गटाचे असते. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या साठ्यात असे सामान असते, पण पांगरा शिंद्याला ते वसमतहून यायचे आणि कळमनुरीच्या डोंगराळ भागातल्या तांड्याला आणखी कुठून तरी. दुसरे, प्रशिक्षण एकदाच. बारा दिवसांत शिकलेली गाठ सराव नसेल तर वर्षात विसरते.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती साधने दिली तर तेच मरतील. ८ ऑगस्ट २०१९ चे ब्रह्मनाळ आठवावे. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णेच्या महापुरातून लोकांना काढताना गावातलीच बोट उलटली आणि सतरा जण बुडाले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, सगळ्यांच्या अंगावर जॅकेटे नव्हती. हा प्रसंग स्वयंसेवकांच्या विरोधात पुरावा म्हणून सांगितला जातो. मला तो उलट वाटतो. गावकरी बोट घेऊन निघाले, कारण दुसरे कोणी तोवर पोहोचले नव्हते, आणि ते पुन्हा निघतील. माणसाला बुडणाऱ्या शेजाऱ्यापासून दूर ठेवील असा शासननिर्णय काढता येत नाही. तेव्हा निवड प्रशिक्षित स्वयंसेवक की स्वयंसेवकच नको, अशी नसते. निवड असते ती शिकलेला की न शिकलेला, एवढीच. ब्रह्मनाळला बोट होती. बोटीत किती चढायचे हे दम देऊन सांगण्याचा अधिकार असलेला आणि त्याचा सराव झालेला माणूस हवा होता.

दुसरा आक्षेप अनुभवी अधिकारी हसत हसत घेतात: सामान द्या, दोन वर्षांत शाळेच्या खोलीत गंजून पडेल, नाहीतर सरपंचाच्या शेतावर सापडेल. हे खोटे नाही. ग्रामपंचायतीच्या गोदामात न चालणाऱ्या फवारणी यंत्रांची कमी नाही. पण सामान गंजते ते खरेदीला पैसा असतो आणि देखभालीला नसतो म्हणून. आइसलँडमध्ये शोध-बचाव पथके पूर्णपणे स्वयंसेवकांची आहेत आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग नववर्षाच्या फटाक्यांच्या विक्रीतून येतो. ब्रिटनच्या किनाऱ्यावरची जीवरक्षक बोटींची संस्था १८२४ पासून मुख्यतः देणग्यांवर चालते. या संस्था टिकल्या त्या दरवर्षी येणाऱ्या पैशामुळे. आपल्याकडे फटाके विकून बचाव करावा असे सुचवायचे नाही; हिंगोलीतला शेतकरी सोयाबीनच्या भावात आधीच पुरेशा देणग्या देत असतो. इथे तो वार्षिक पैसा सरकारनेच द्यायला हवा, आणि तो खरेदीच्या शीर्षात न घालता वेगळा दाखवायला हवा. वर्षातून दोनदा सराव झाला, तहसीलदारांच्या प्रतिनिधीसमोर बोट पाण्यात उतरली, जॅक उघडला, तरच पुढचा हप्ता. सरावाला बाहेर काढावे लागणारे सामान शेतावर जात नाही.

तिसरे म्हणणे असे की दले आता वेगवान झाली, हेलिकॉप्टर आहेत, मोबाइलवर इशारे येतात. गावाला कशाला गुंतवायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे यांच्यामधली ही जागा. राज्यात याहून जवळ मदत कुठली असणार? तरीही वाडीपर्यंत रस्ता नव्हता, यंत्रे वर गेली नाहीत, खराब हवामानाने हेलिकॉप्टर उडाले नाही. एनडीआरएफचे जवान पायी चढले, आणि त्यांच्यासोबत वाट ठाऊक असलेले स्थानिक लोक आणि गिर्यारोहक. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे कायमची बेपत्ता राहिली. सह्याद्रीत निदान गिर्यारोहकांच्या संस्थांची परंपरा आहे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, कोल्हापूरची व्हाइट आर्मी ही नावे पोलिसांच्या फोनवर असतात. हौसेने दोर विकत घेणारा शहरी मध्यमवर्ग त्यांच्या मागे उभा आहे. मराठवाड्यात तसा वर्ग नाही, तसे डोंगर नाहीत, म्हणून तशी संस्थाही आपोआप उगवणार नाही. जिथे हौस परवडत नाही तिथे शासनाने घडवावे लागते.

यातून शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येतो. हिंगोलीतला धडधाकट तरुण मजूर आहे. दसरा-दिवाळीनंतर कळमनुरी-सेनगावच्या तांड्यांवरून जोडप्या-जोडप्याने माणसे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पावसाळ्यात ती घरी असतात, म्हणजे पुराच्या वेळी पथक भरलेले असेल. भूकंप मात्र ऋतू पाहून येत नाही, तेव्हा पथकात मागे राहणाऱ्या बायका, शाळकरी मुलांचे शिक्षक, आशाताई, दुकानदार हवेतच. आणि मजुराला बारा दिवस फुकट प्रशिक्षण घ्यायला सांगणे म्हणजे बारा दिवसांची मजुरी त्याच्याकडून दान मागणे आहे. विनामूल्य सेवेची कल्पना ज्यांच्या घरी महिन्याचा पगार येतो त्यांनी काढलेली असते. महाराष्ट्र दुष्काळातून काय शिकला? की गावातल्या माणसाच्या श्रमाला दाम द्यावा आणि त्या श्रमातून गावाची कायमची सोय व्हावी. दुष्काळाचा हा धडा पुराला आणि भूकंपाला लागू करण्यात कोणती तात्त्विक अडचण आहे, ते दिसत नाही. सरावाच्या प्रत्येक दिवसाची मजुरी, कामावर असताना जखमी झाला तर उपचार, गेला तर कुटुंबाला जवानाच्या कुटुंबासारखी वागणूक. एवढे केले की स्वयंसेवक आणि रोजंदार यांतली भिंत पडते. काही जण म्हणतील, पैसे आले की राजकारण येईल, पथकात पुढाऱ्यांचे भाचे भरले जातील. येईल. रोजगार हमीतही आले होते, म्हणून ती बंद केली नाही. हजेरीपट चावडीवर लावायला सांगितला.

हे सगळे एकदम सातशे गावांत करायचे नाही. वसमत, औंढा आणि कळमनुरीतल्या धक्क्यांच्या पट्ट्यातली गावे आणि कयाधू, पैनगंगा, पूर्णेच्या काठावरची दरवर्षी पाणी पाहणारी गावे, एवढ्यांपासून सुरुवात करता येईल. ती कोणती ते महसूल खात्याच्या यादीत आधीच लिहिलेले आहे. जिल्हा नियोजन समितीची पुढची बैठक होईल तेव्हा तिच्या विषयपत्रिकेवर दोन आकडे मागून घ्यावेत: सज्जतेच्या दहा टक्क्यांतून हिंगोलीला गेल्या वर्षी किती आले, आणि त्यातले तालुक्याच्या ठिकाणाच्या पलीकडे किती गेले. हा प्रश्न माहितीच्या अधिकारातही विचारता येतो, आणि कुरुंद्याच्या किंवा पांगरा शिंद्याच्या ग्रामसभेने तो ठराव करून विचारावा.